दोन्ही वेळा छापा: बिल्ड टूल्स सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बिल्ड टूल्स, पॅकेज मॅनेजर आणि सीआय रनर (बिल्ड आपोआप चालवणारे प्रोग्रॅम) सांभाळणारे सर्व मेंटेनर

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मशीनचं घड्याळ चुकलं की बिल्ड (सोर्स कोडमधून प्रोग्रॅम बनवण्याचं काम) फुटतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आमची तक्रार आहे ती फुटल्यावर स्क्रीनवर जे येतं त्याबद्दल. ‘पॅकेज सापडलं नाही.’ ‘सर्व्हरचं सर्टिफिकेट पडताळता आलं नाही.’ ‘सही अवैध आहे.’ यातल्या एकाही वाक्यात तारीख नाही, वेळ नाही, घड्याळाचा उल्लेखही नाही. आणि अशा मेसेजबद्दल कोणी तक्रार नोंदवली, तर ती बहुतेकदा ठरलेला शेरा मारून बंद होते: घड्याळ तुमच्या मशीनचं चुकलं होतं, आमच्या टूलमध्ये बग नाही. हा शेरा आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहोत.

घड्याळ बरोबर ठेवणं हे मशीन चालवणाऱ्याचं काम, हे कबूल. पण ते चुकलं आहे हे ज्या प्रोग्रॅमला त्या क्षणी दिसलं, त्याने ते सांगणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम आहे. या जातीचा प्रत्येक बिघाड दोन वेळांच्या तुलनेतून येतो. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागू होण्याची वेळ आणि आत्ताची वेळ. सोर्स फाईलचा टाइमस्टँप (शेवटच्या बदलाची नोंदलेली वेळ) आणि तिच्यापासून कंपाइल होऊन बनलेल्या ऑब्जेक्ट फाईलचा टाइमस्टँप. विनंतीवर घातलेली वेळ आणि सर्व्हरची वेळ. तुलना करायची तर दोन्ही आकडे हातात असावेच लागतात. तुमचा प्रोग्रॅम ते वाचतो, ताडून बघतो, नकार देतो, मग दोन्ही आकडे टाकून देतो आणि नुसता नकार छापतो. आमची मुख्य मागणी एवढीच आहे की ते दोन आकडे छापा. बाकीचं पत्र त्या मागणीचा खुलासा आहे.

आम्ही म्हणजे बिल्ड सर्व्हर चालवणारे, छोट्या बोर्डांवर सॉफ्टवेअर चढवणारे, नव्या लोकांना पहिला प्रोजेक्ट कंपाइल करून दाखवणारे. फुटलेले लॉग आमच्याकडे येतात. खरं कारण शोधायला लागणारा वेळ आमचा जातो, आणि ज्याला विचारायला कोणीच नाही त्याचा त्याहून जास्त जातो.

‘पण असं होतंच किती वेळा?’ हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधी त्याचं उत्तर.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या नेहमीच्या मॉडेलांत ४ पर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. ५ मध्ये ते आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. असं बोर्ड सुरू होतं तेव्हा मागच्या वेळी डिस्कवर लिहून ठेवलेली वेळ उचलतं, आणि नेटवर्कवरून खरी वेळ मिळेपर्यंत भूतकाळातच असतं. डेस्कटॉपच्या मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख फर्मवेअरच्या मूळ तारखेवर जाते. व्हर्च्युअल मशीन पॉज करून पुन्हा चालू केलं, किंवा जुन्या स्नॅपशॉटवरून (साठवून ठेवलेल्या अवस्थेवरून) उठवलं, तर ते स्नॅपशॉटच्या वेळी जागं होऊ शकतं. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर डॉकर डेस्कटॉप (कंटेनर चालवणारं टूल) किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) यांच्या आतल्या लिनक्सचं घड्याळ मागे राहिल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं, त्यामुळे टाइमझोनच्या फरकाइतके तास इकडचे तिकडे होतात. ऑफिसच्या फायरवॉलने यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट बंद केला असेल, तर नेटवर्कवरून वेळ जुळवणारं एनटीपी गुपचूप अपयशी ठरतं आणि घड्याळ दररोज थोडं थोडं सरकत राहतं.

एक प्रकार तर इतका फसवा आहे की तो सविस्तर मांडायलाच हवा. होस्टवर (मूळ मशीनवर) तारीख बरोबर, आणि त्याच होस्टवरच्या कंटेनरात (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणाऱ्या कप्प्यात) भलतीच. कंटेनरला स्वतःचं वेगळं घड्याळ नसतं, तो होस्टच्या कर्नलचंच वापरतो, मग हे होतं कसं? ३२ बिटांच्या एआरएम बोर्डांवर नव्या सी लायब्ररी वेळ विचारायला नवा ६४ बिटी सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली विनंती) करतात. मसल १.२ ही सी लायब्ररी आणि तिच्यावर उभं असलेलं अल्पाइन ३.१३ हे लिनक्स, ही त्याची ठळक उदाहरणं. कोणते कॉल चालू द्यायचे हे गाळणारी होस्टवरची लायब्ररी लिबसेककॉम्प २.४.२ पेक्षा जुनी असेल तर तिला हा कॉल माहीतच नसतो, आणि डॉकरचा फिल्टर ‘असा कॉल नाही’ म्हणण्याऐवजी ‘परवानगी नाही’ असं उत्तर देतो. ‘असा कॉल नाही’ हे उत्तर आलं असतं, तर लायब्ररी मुकाट्याने जुन्या कॉलवर गेली असती. ‘परवानगी नाही’ म्हटल्यावर ती तिथेच थांबते, आणि वर बसलेल्या प्रोग्रॅमच्या हातात भलतीच तारीख पडते. पुढे, कंटेनर डेबियनचा असेल तर, त्याचं पॅकेज टूल एपीटी म्हणतं की रिपॉझिटरीची सही अवैध आहे. आता माणूस सही, सहीची किल्ली (की) आणि मिरर (पॅकेजांची प्रत ठेवणारा सर्व्हर) तपासत बसतो. उपाय आहे होस्टवरची लिबसेककॉम्प आणि डॉकर अद्ययावत करणं, डॉकर १९.०३.९ किंवा त्यापुढचं लागतं. घड्याळ कितीही वेळा लावलं तरी इथे फरक पडत नाही, कारण घड्याळ बरोबरच आहे. अशा वेळी एररमध्ये ‘या प्रोग्रॅमला दिसणारी वेळ अमुक’ एवढी एक ओळ असती, तर होस्टवरच्या तारखेशी ताडून गोष्ट मिनिटभरात उघडी पडली असती.

आता तक्रारी.

पहिली तक्रार: कारण माहीत असूनही ते गाळलं जातं.

ओपनएसएसएल ही लायब्ररी सर्टिफिकेट तपासते तेव्हा नकाराचं कारण कोडसकट देते. ९ म्हणजे सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही, १० म्हणजे मुदत संपली. वरच्या थरांनी हा कोड जपायचा की ‘पडताळणी फसली’ या एका पोत्यात सगळं कोंबायचं, हे त्या थरांच्या हातात असतं. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) डेबियनवर जीएनयूटीएलएस लायब्ररीसह येतं. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत घड्याळ मागे असताना क्लोन केलं की एवढंच छापून येतं: सर्व्हर सर्टिफिकेट पडताळणी अयशस्वी, आणि पुढे सर्टिफिकेटांच्या फाईलचा पाथ. पाथ दिसल्यावर वाचणाऱ्याला वाटतं की गडबड त्या फाईलीत आहे. तो सर्टिफिकेटांचं पॅकेज काढून पुन्हा बसवतो. काहीच बदलत नाही.

पायथनची पॅकेजं आणणाऱ्या पिपचं उदाहरण ओळीओळीने बघा. घड्याळ काही वर्षं मागे आहे असं समजा. पॅकेज मागितलं की पिपच्या अनेक आवृत्त्या आधी पुन्हा प्रयत्न करत असल्याचा इशारा छापतात. ही ओळ लांबलचक असते: उरलेले प्रयत्न, कनेक्शनचे पर्याय, एकात एक अडकलेले तीन-चार कंस आणि सर्वांत आत, ओळीच्या शेपटाला, ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’. हीच ओळ, उरलेल्या प्रयत्नांचा आकडा कमी होत, ५ वेळा येते. काही सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न केल्याने काही वर्षं मागे असलेलं घड्याळ पुढे येणार नाही, पण प्रयत्न होतातच. मग एक ओळ येते की यूआरएल आणता आली नाही, सोडून देत आहोत. आणि शेवटी लाल अक्षरांत: या गरजेला जुळणारी आवृत्ती सापडली नाही, उपलब्ध आवृत्त्या: एकही नाही.

लॉग वाचणारा शेवटची लाल ओळ वाचतो. सीआयच्या सारांशातही तीच दिसते, सर्च इंजिनमध्ये तीच टाकली जाते. त्या ओळीवरून मिळणारी उत्तरं सांगतात की पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग तपासा, पायथनची आवृत्ती बदला, पिप अपग्रेड करा. पिप अपग्रेड करायला गेलं की पुन्हा तीच एरर, कारण अपग्रेडसुद्धा त्याच सर्टिफिकेटमागून यायचं असतं. इथे खरं वाक्य छापलेलं होतं, हे आम्ही नाकारत नाही. पण शेवटचं वाक्य खोटं होतं. आवृत्त्या ‘एकही नाही’ असं नव्हतं, यादीपर्यंत पोचताच आलं नव्हतं. ‘नाही’ आणि ‘बघता आलं नाही’ यातला फरक न ठेवणारा मेसेज हा बग आहे, मग घड्याळ कोणाचंही चुकलेलं असो.

जावाच्या जगात मेव्हन हे बिल्ड टूल असंच करतं. आर्टिफॅक्ट (तयार लायब्ररी) आणता आलं नाही, मार्गाची पडताळणी फसली, वैधता तपासणी फसली. सर्टिफिकेट कधीपासून लागू आहे ती तारीख मात्र अपवादाच्या (एक्सेप्शनच्या) पोटातल्या अपवादात असते, आणि ती बघायला पूर्ण स्टॅकट्रेसचा (एररच्या पूर्ण साखळीचा) पर्याय देऊन बिल्ड पुन्हा चालवावा लागतो.

दुसरी तक्रार: मोघम मेसेज लोकांना सुरक्षा बंद करायला लावतो.

आमच्या दृष्टीने ही सर्वांत गंभीर बाब आहे. ‘सर्टिफिकेट पडताळता आलं नाही’ एवढंच कळल्यावर माणूस जो उपाय शोधून काढतो, तो पडताळणीच बंद करण्याचा असतो. गिटमध्ये एसएसएल पडताळणीला फॉल्स, एनपीएममध्ये कडक एसएसएलला फॉल्स, पिपला ‘ट्रस्टेड होस्ट’, कर्लला ‘इनसिक्युअर’, एपीटीला तारीख तपासू नको असा पर्याय. बिल्ड चालू लागतो आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी घड्याळ आपोआप दुरुस्त होतं, पण ती सेटिंग राहते. ती डॉकरफाईलमध्ये (कंटेनर बनवायच्या सूचनांत) जाते, बेस इमेजमध्ये जाते, त्या इमेजवरून बनणाऱ्या पुढच्या प्रत्येक इमेजमध्ये जाते. एपीटीची तारीख तपासणी काही उगाच नाही: कोणी जुनी, भोकं असलेली, पण खरी सही असलेली पॅकेजयादी पुन्हा आपल्या माथी मारू नये म्हणून मुदतीची तपासणी आहे. म्हणजे तात्पुरत्या बिघाडावर कायमचं भोक पाडलं जातं, आणि पाडणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

हे टाळणं अवघड नाही. ‘सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही’ या एररमध्ये चूक कोणाकडे असण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज नीट बांधता येतो. भविष्यातली तारीख असलेलं सर्टिफिकेट सर्व्हरवर चढवणारे विरळाच. सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट तर घड्याळांचा फरक सांभाळून घेण्यासाठी सर्टिफिकेटची सुरुवात मुद्दाम १ तास मागची टाकतं. त्यामुळे या एररचं पहिलं संशयित कारण स्थानिक घड्याळ हेच असायला हवं. मुदत संपल्याच्या एररमध्ये मात्र दोन्ही शक्यता खऱ्या असतात, घड्याळ पुढे गेलेलं असेल किंवा सर्टिफिकेट खरंच संपलेलं असेल. तिथे दोन्ही तारखा द्या आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोडा. तारीख समोर दिसली की कोणालाही कळतं.

तिसरी तक्रार: काही बिल्ड फुटत नाहीत, चुकीचे होतात, आणि कोणी काही बोलत नाही.

१९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक हे बिल्ड टूल लिहिलं तेव्हापासून नियम साधा आहे: सोर्स ऑब्जेक्टपेक्षा नवा असेल तर पुन्हा कंपाइल करा. हा नियम एकाच घड्याळावर विसंबून आहे. आता शेअर केलेलं फोल्डर घ्या, ज्यात बिल्ड व्हर्च्युअल मशीनमध्ये होतो आणि व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ २० मिनिटं पुढे आहे. खरी वेळ १०:०० असताना कंपाइल केलं, ऑब्जेक्ट फाईलवर १०:२० चा शिक्का बसला. मग घड्याळ जुळलं. १०:०५ ला सोर्समध्ये दुरुस्ती केली. १०:०६ ला मेक चालवलं तर ते ऑब्जेक्ट नवा समजून कंपाइल करत नाही, पण निदान इशारा देतं की अमुक फाईलचा टाइमस्टँप इतके सेकंद भविष्यात आहे, आणि शेवटी ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, युवर बिल्ड मे बी इनकम्प्लीट’.

तेच मेक १०:२५ ला चालवा. आता कोणतीही फाईल भविष्यात नाही. सोर्स १०:०५ चा, ऑब्जेक्ट १०:२० चा. इशारा नाही, कंपाइल नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. दुरुस्ती न झालेली बायनरी तपासणीला जाते आणि माणूस स्वतःचा बरोबर असलेला कोड पुन्हा पुन्हा वाचत बसतो.

आणि १०:०६ चा जो इशारा आहे, त्याचीही अवस्था बघा. जीएनयू मेक तो पहिल्या सापडलेल्या एकाच फाईलीबद्दल देतं. भविष्यातल्या फाईली १ आहे की ४०० हे कळत नाही. तो एरर नसतो, एक्झिट कोड शून्यच राहतो, म्हणून सीआय हिरवं दिसतं. हजारो ओळींच्या लॉगमध्ये त्या दोन ओळी कोण वाचणार?

उलटा प्रकारही आहे. सोर्सच भविष्यातला असेल तर ऑब्जेक्ट नेहमी जुनाच ठरतो आणि प्रत्येक वेळी सगळं नव्याने कंपाइल होतं. निंजा या बिल्ड टूलमध्ये बिल्ड फाईल पुन्हा पुन्हा बनवली जाते, १०० वेळा, आणि मग ते हात टेकतं. पूर्वी त्याचा मेसेज एवढाच होता की १०० प्रयत्नांनंतरही मॅनिफेस्ट (तीच बिल्ड फाईल) जुनंच आहे. नंतर कोणीतरी त्याला एक तुकडा जोडला: कदाचित सिस्टिमची वेळ लावलेली नसावी. इतक्या छोट्या बदलाने वाचणारा थेट मुद्द्यावर पोचतो. ज्याने तो जोडला त्याचे आभार.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. टाइमस्टँप भविष्यातला आहे म्हणजे घड्याळ चुकलंच आहे असं नाही. झिपच्या मूळ रचनेत फाईलची वेळ स्थानिक असते आणि टाइमझोन नोंदवलेलाच नसतो. पूर्वेकडच्या टाइमझोनमध्ये बनवलेली झिप पश्चिमेकडे लगेच उघडली, तर दोन्ही मशीनची घड्याळं अचूक असूनही फाईली काही तास भविष्यात पडतात. म्हणून मेसेजने थेट ‘तुमचं घड्याळ चुकलं’ असा आरोप करू नये. फाईलची वेळ, मशीनची वेळ, फरक, आणि दोन्ही शक्यता, एवढं द्यावं. झिपची आणखी एक मर्यादा म्हणजे तिचं कॅलेंडर १९८० पासून सुरू होतं. घड्याळ १९७० वर असताना पायथनचं पॅकेज बांधायला गेलात तर झिप मॉड्यूल सांगतं की १९८० पूर्वीचे टाइमस्टँप चालत नाहीत. मेसेज खरा आहे, पण कोणत्या फाईलीचा आणि कोणता टाइमस्टँप, ते सांगत नाही.

चौथी तक्रार सीआय रनर लिहिणाऱ्यांकडे. स्नॅपशॉटवरून उठलेलं मशीन एनटीपी जुळायच्या आत काम उचलतं. पहिली काही सेकंदं जुन्या वेळेत, मग घड्याळ उडी मारतं, आणि एकाच बिल्डच्या अर्ध्या फाईली एका काळातल्या आणि अर्ध्या दुसऱ्या. टाइमआउट सिस्टिमच्या तारीख-वेळेच्या घड्याळाने मोजला असेल तर ती उडी बसताच धडधाकट बिल्ड ‘वेळ संपली’ म्हणून मारला जातो. कालावधी मोजायला मोनोटॉनिक घड्याळ आहे, ते मागे-पुढे उडी मारत नाही. तेच वापरायला हवं.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. उलट, ती आहेत म्हणूनच आमचा आग्रह आहे.

गो भाषेची सर्टिफिकेट तपासणारी लायब्ररी मुदतीच्या एररमध्ये सरळ छापते की आत्ताची वेळ अमुक, ती तमुक वेळेच्या आधी किंवा नंतरची आहे. अ‍ॅमेझॉनच्या एस३ साठवण सेवेला १५ मिनिटांहून जास्त फरकाची विनंती गेली तर उत्तरात विनंतीची वेळ, सर्व्हरची वेळ आणि चालणारा कमाल फरक असे तिन्ही आकडे येतात. सह्या तपासणारं जीपीजी म्हणतं की ही किल्ली (की) इतके सेकंद भविष्यात बनली आहे, वेळेत किंवा घड्याळात गडबड आहे. ऑटोमेक (बिल्ड फाईली बनवणारं टूल) वापरणाऱ्या प्रोजेक्टची कॉन्फिगर स्क्रिप्ट सुरुवातीलाच एक फाईल बनवून बघते, आणि ती मूळ फाईलींपेक्षा जुनी निघाली तर थांबते आणि घड्याळ तपासायला सांगते. ही तपासणी जुन्या काळापासून आहे आणि शेल स्क्रिप्टच्या काही ओळींत होते. क्रोम ब्राउझर तर तारखेची एरर आली की घड्याळ मागे आहे की पुढे, हे वेगळ्या पानावर साध्या भाषेत सांगतो. एपीटी अर्ध्या वाटेवर आहे: रिलीज फाईल लागू व्हायला किती तास-मिनिटं बाकी ते छापतं, पण घड्याळाचं नाव काढत नाही.

आता मागण्या.

तुलनेवरून नकार देताना दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, पूर्ण तारखेसह छापा. त्यांच्यातला फरक छापा. प्रत्येक वेळ कुठून आली ते छापा: सिस्टिम घड्याळ, फाईल, सर्टिफिकेट, टोकन की सर्व्हरचं उत्तर.

तुमच्या टूलची रिलीज तारीख बायनरीतच असते किंवा ठेवता येते. सिस्टिमची वेळ तिच्या आधीची असेल तर घड्याळ चुकलं आहे हे शंभर टक्के सिद्ध आहे, त्यासाठी नेटवर्कही लागत नाही. तिथे ‘कदाचित’ नको, ठामपणे सांगा. लिनक्सवर सेवा सुरू करणारं सिस्टिमडी हीच कल्पना वापरतं: सुरू होताना घड्याळ त्याच्या स्वतःच्या बिल्डच्या तारखेपेक्षा मागे दिसलं तर ते पुढे आणतं. तुम्ही घड्याळ बदलू नका, ते तुमचं काम नाही. फक्त सांगा.

नमुना म्हणून एक मेसेज देतो:

‘सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. या मशीनची वेळ १ जानेवारी १९७०, ००:०३:१२ यूटीसी. सर्टिफिकेट लागू होण्याची वेळ १० मार्च २०२४, ०८:००:०० यूटीसी. या टूलची रिलीज तारीख मशीनच्या वेळेनंतरची आहे, म्हणजे मशीनचं घड्याळ मागे आहे. घड्याळ दुरुस्त करून पुन्हा चालवा. सर्टिफिकेट तपासणी बंद करू नका.’

मूळ कारण शेवटच्या ओळीत आणा. जोडणी फसली म्हणून यादी रिकामी आली असेल, तर ‘सापडलं नाही’ हे वाक्य छापूच नका. आणि मुदतीच्या एररवर पुन्हा प्रयत्न करत बसू नका.

वेळेच्या बिघाडाला कायमचा, न बदलणारा एरर कोड द्या. नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सर्टिफिकेट अजून लागू नाही आणि मुदत संपली यांना वेगवेगळे कोड आहेत, तसे. मेसेजची भाषा बदलली, अनुवाद झाला, तरी कोड शोधता येतो.

तुमच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सर्टिफिकेटच्या एररखाली पडताळणी बंद करायचा पर्याय पहिला लिहिलेला असेल, तर तो काढा. त्या जागी ‘आधी तारीख बघा’ असं लिहा.

भविष्यातल्या टाइमस्टँपवर बिल्ड थांबवणारा पर्याय द्या, सीआयमध्ये तो चालूच ठेवा, आणि किती फाईली भविष्यात आहेत तो आकडा छापा. ज्या टूलकडे मागच्या बिल्डची नोंद असते, त्याने ‘नवा आहे का’ ऐवजी ‘बदलला आहे का’ हे विचारावं. गिटचा इंडेक्स (फाईलींची नोंदवही) तसंच करतो: नोंदलेला टाइमस्टँप आणि आत्ताचा वेगळा दिसला की मजकूर तपासतो, मग तो मागचा असो की पुढचा. बेझल आणि ग्रेडल ही बिल्ड टूल्स मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतात. वर दिलेला १०:२५ चा प्रकार तिथे घडतच नाही.

रनरने प्रत्येक कामाच्या पहिल्या ओळींत यूटीसी वेळ, घड्याळ जुळलेलं आहे की नाही, आणि फरक किती, हे छापावं. लिनक्सवर ही माहिती टाइमडेटसीटीएल ही कमांड आणि वेळ जुळवणारा क्रोनी, दोन्हीकडून मिळते. रनरची सेवा ‘टाइम-सिंक’ टार्गेटनंतर (वेळ जुळल्याच्या टप्प्यानंतर) सुरू करा, आणि सिस्टिमडीची वेळ जुळेपर्यंत थांबणारी सेवा चालू करा. ती चालू नसेल तर नुसतं टार्गेट लिहून उपयोग होत नाही.

तुमच्याकडून येणारे आक्षेप आम्हाला माहीत आहेत. ‘खरी वेळ आम्हाला कुठे माहीत असते?’ नसते, आणि ती आम्ही मागतही नाही. दोन वेळांचा मेळ बसत नाही एवढं तुम्हाला माहीत असतं, तेच हवं आहे. एचटीटीपीच्या उत्तरातल्या तारखेवरून अंदाज बांधायचा झाला तर तो सुगावा म्हणून छापा, त्यावर निर्णय घेऊ नका. टीएलएस (सुरक्षित जोडणी) जुळण्याआधी मिळालेल्या तारखेवर विश्वास कसा ठेवणार? ‘मेसेज बदलला तर लॉग चाळणाऱ्या स्क्रिप्ट मोडतील.’ हा आक्षेप रास्त आहे. मग जुनी ओळ तशीच ठेवा आणि तिच्याखाली नवी जोडा. ‘मेसेज लांब होतो.’ होऊ द्या. हा मेसेज वर्षातून एखाद्या वेळी दिसतो आणि तेव्हा तो पूर्ण लागतो.

हे होईपर्यंत ज्यांचा बिल्ड आज अडकला आहे त्यांच्यासाठी क्रम: आधी डेट कमांड यूटीसीच्या पर्यायासह होस्टवर आणि कंटेनरात दोन्हीकडे चालवा आणि आकडे ताडून बघा. होस्टचंच घड्याळ चुकलं असेल तर ते जुळवा. क्रोनी असेल तर त्याला मेकस्टेपची आज्ञा द्या, नाहीतर मोठा फरक तो हळूहळू भरत बसेल. मग फाइंड कमांडला न्यूअरएमटी पर्याय आणि ‘नाऊ’ देऊन भविष्यातल्या फाईली शोधा आणि त्यांना टच करा (त्यांची वेळ आत्ताची करा). त्यानंतरच क्लीन करून (आधी बनलेल्या फाईली पुसून) पूर्ण बिल्ड करा. क्लीन आधी केलंत तर सोर्स भविष्यातच राहतो आणि प्रत्येक बिल्ड पुन्हा पहिल्यापासून होतो. शेवटी गिट, पिप, एनपीएम आणि एपीटीच्या सेटिंगमध्ये पडताळणी बंद केलेली एखादी ओळ उरली आहे का ते बघा, आणि ती काढून टाका.

मेंटेनरांना एक गोष्ट आणखी सांगायची आहे. हे सगळं तपासायला घड्याळ बिघडलेलं मशीन शोधावं लागत नाही. लिबफेकटाइम या लायब्ररीने बहुतेक प्रोग्रॅमना हवी ती तारीख दाखवता येते. स्टॅटिक बायनरी (लायब्ररी पोटातच घेतलेले प्रोग्रॅम) आणि गोमध्ये लिहिलेली टूल्स तिला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या टूलमध्ये आरटीसीची (हार्डवेअर घड्याळाची) सुरुवातीची तारीख देऊन मशीन उठवा, आणि आतली एनटीपी बंद ठेवा. १९७०, तुमच्या रिलीजच्या आधीचा एक दिवस, १ तास पुढे आणि १० वर्षं पुढे, एवढ्या चार तारखांना टूल चालवा आणि शेवटची ओळ वाचा. ती वाचून नवख्या माणसाला घड्याळाकडे बघावंसं वाटतं का, हीच कसोटी धरा.

या चाचण्या लिहून द्यायला, मेसेजचे मसुदे करायला आणि अनुवाद तपासायला आम्ही तयार आहोत. तुमच्याकडून पहिलं पाऊल एवढंच हवं की ‘घड्याळ चुकीचं होतं’ म्हणून बंद केलेल्या तक्रारी पुन्हा उघडा आणि त्यांच्यावर ‘मेसेज सुधारणे’ अशी खूण करा.

कळावे.

आपले,
बिल्ड सांभाळणारे